काकूच्या घरचा कापूस

कापसाचा हंगाम आला की माझी मान खाजायला लागते. दिवाळी आटोपते, उमरखेडच्या रस्त्यांवरून शिगोशीग भरलेल्या कापसाच्या गाड्या जायला लागतात, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकतात आणि माझा हात आपोआप मानेकडे जातो. मानेवर काही नसतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिथं काही नसतं हे मला कळतं. तरी नखं लागतातच.

याच दिवसांत वेचणीवाल्या बाया दवाखान्यात येतात. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. बोटांच्या पेरांवर उभे-आडवे ओरखडे, त्यांत माती, कधी पू. "सिस्टर, काई तरी लावून द्या वो. उद्या अजून जायचं हाय," असं म्हणतात. मी धुते, मलम लावते. त्यांच्या लुगड्यांना तो वास असतो: उन्हानं तापलेली सरकी, दहिवर, वाळलेला पाला. कापसाला पांढरं सोनं म्हणणाऱ्यांनी एक हंगाम कापसाच्या खोलीत झोपून बघावं, एवढंच माझं म्हणणं असतं. ते कुणी ऐकायला नसतं म्हणून मी मनात म्हणते आणि पुढच्या बाईला बोलावते.

यंदा मात्र ते मोठ्यानं म्हणायची वेळ आली. यवतमाळच्या ज्या बालगृहात मी वाढले, तिथल्या अधीक्षक मॅडमचा फोन आला. पुण्याच्या एका दिग्दर्शिकेनं अनाथ मुलीवर सिनेमा केला होता. मुलगी बालगृहातून एका कुटुंबात राहायला जाते, त्याची गोष्ट. बालगृहाच्या सभागृहात तो दाखवायचा होता. "तू आमची मोठी झालेली मुलगी. सिनेमा झाल्यावर दोन शब्द बोल," मॅडम म्हणाल्या. माझी आई जिवंत आहे, मी अनाथ नव्हते, हे त्यांना माहीत होतं. पण असल्या कार्यक्रमांत तेवढं कोण बघतं!

सिनेमा कापसाच्या हंगामातलाच होता. त्यातली पालक बाई सुरुवातीला कडक असते. मुलगी गप्प असते, आगाऊ असते, पळून जाते, सापडते. शेवटी फुटलेल्या कापसाच्या शेतातून ती पांढरा फ्रॉक घालून पळत येते आणि त्या बाईला मिठी मारून पहिल्यांदा "आई" म्हणते. मागे सनई. माझ्या पुढच्या रांगेतल्या पाहुण्या बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी माझ्या शेजारणीला सांगितलं, पऱ्हाटीतून, कापसाच्या झाडांतून, कुणी पळत नाही. पऱ्हाटी कमरेला लागते, काड्या कपड्यांत अडकतात, पोटऱ्या सोलून निघतात. शेजारीण म्हणाली, "शूऽऽ."

माझी गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. मी पंधरा वर्षांची होते. माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. त्याच्या दोन वर्षं आधी हैदराबादच्या हमरस्त्यावर पांढरकवड्याच्या पुढं उभ्या ट्रकला त्यांची गाडी धडकली आणि ते गेले. आम्ही बंजारा तांड्यावरचे, घरात गोरबोली बोलणारे. मी आईला याडी म्हणायचे. वर्षभरानं याडीनं दुसरं घर केलं. त्या माणसाची आधीची लेकरं होती. तो म्हणाला, एवढी मोठी पोरगी मी घरात घेणार नाही. याडीनं मला बालगृहात आणून सोडलं. सोडताना माझ्या वेणीला नवी लाल रिबीन बांधली होती. इतकी घट्ट, की डोळ्यांच्या कडा ओढल्या जात होत्या.

बालगृहातून काही मुली कुटुंबांत ठेवायला देत. मी महागावकडच्या एका खेड्यात गेले. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी: कापूस, तूर, सोयाबीन, दारात मोटारसायकल. घरात काका, काकू आणि त्यांची मुलगी प्रांजली, माझ्याच वयाची. मला सोडायला आलेल्या मॅडमनी काकूंकडं बोट दाखवून सांगितलं, "ही आता तुझी आई." काकू हसल्या. चांगल्या दिसायच्या हसताना. मी म्हटलं, "नमस्कार काकू."

ते हसू तिथंच थांबलं. नंतरच्या त्या सगळ्या दिवसांत जे काही झालं ते त्या एका शब्दावरून झालं, असं मला आजही वाटतं.

काकू वाईट होत्या असं लिहून मी मोकळी झाले असते, पण ते खोटं होईल. त्यांनी मला कधी मारलं नाही. भाकर सगळ्यांना मिळायची तेवढीच मला मिळायची, वर तूप असलं तर तेही. थंडी पडली तशी त्यांनी मला स्वेटर घेऊन दिला. पण त्या घरातली प्रत्येक गोष्ट हातात ठेवताना काकू क्षणभर सोडायच्या नाहीत. वाटी, स्वेटर, साबणाची वडी, काहीही असो. त्यांच्या बोटांत एक टोक, माझ्या बोटांत एक टोक, आणि नजर माझ्या तोंडावर. त्यांना माझ्याकडून तो शब्द हवा असायचा. मी "हाव काकू" म्हणायचे. मग त्या वस्तू सोडायच्या.

"आई म्हनाले तोंड दुखते का वं तुह्यं?" एकदा त्यांनी विचारलंच.

"माही याडी हाय पांढरकवड्याले," मी म्हटलं.

"हाय, तं मंग ठेवली काहून नाई तिनं?"

घरी पाहुणे आले की काकू मला पाणी घेऊन बोलवायच्या आणि म्हणायच्या, "हे आमची दुसरी पोरगी." पाहुणे म्हणायचे, वा, पुण्याचं काम केलं तुमी. मी पेले ठेवता ठेवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "काकू, चहा टाकू का?" काकूंच्या गालाखालची शीर हलायची. मला ती हललेली बघायला आवडायचं. आम्ही दोघी तशाच लढत होतो, एकीकडं घर होतं आणि दुसरीकडं फक्त जीभ.

मी कापसाच्या खोलीत झोपायचे. भाव चढेपर्यंत वेचलेला कापूस तिथं साठवून ठेवलेला असायचा. भिंतीपासून निम्म्या खोलीपर्यंत त्याचा ढीग आलेला, आणि उरलेल्या जागेत माझं अंथरूण. पहिल्या दिवशी मला ते गोष्टीतल्यासारखं वाटलं, ढगाशेजारी झोपल्यासारखं. मग खाज सुटली. साठवलेल्या कापसात बारीक काहीतरी होतं, डोळ्यांना न दिसणारं. मान, कोपराची लवण, कंबर, गुडघ्यामागं. मी ओरबाडून ओरबाडून रक्त काढायचे. प्रांजली म्हणायची, "आई, मी नाई बसत इच्याजवळ. इले काई तरी झालं." काकू मला खोबरेल तेल द्यायच्या. खोली मात्र बदलली नाही. "आमचा मामा आला तरी तिथंच झोपते," असं म्हणायच्या. मामा त्या हंगामात आला नाही, म्हणून मला ते पडताळता आलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मी दहावीत होते. प्रांजली सायकलवर बसून गेली आणि काकूंनी माझ्या कमरेला ओटी बांधली. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला पोटाशी बांधलेलं फडकं. "चार दिवस. मजूर भेटत नाई. मंग जाय शाळेत." ते चार दिवस पौषापर्यंत चालले. सकाळी पऱ्हाटीवर दहिवर असायचं, बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या, दात वाजायचे. ऊन चढलं की तेच अंग भाजायचं. दोन्ही हातांनी वेचायचं, बोंडात कापसाची एक कवडीही राहू द्यायची नाही, पाला चिकटू द्यायचा नाही. पोटाशी कापूस जमत गेला की चालताना गरोदर बाईसारखं वाटायचं. माझ्या ओळीशेजारी देवका नावाची म्हातारी वेचायची. ती कधी माझी चौकशी करायची नाही. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा माझ्या पुढ्यात टाकायची आणि दुसरीकडं बघत खायची. त्या घराच्या आसपास मला सोसवेल असं वागणारी ती एकटीच होती, कारण तिला माझ्याकडून काहीच नको होतं.

संध्याकाळी प्रांजलीच्या वह्या ओट्यावर पसरलेल्या असायच्या. मी वाकून बघितलं की ती वही मिटायची.

तिचं आणि माझं भांडण झालं ते एका दुपारी, न्हाणीच्या दारात. तिची ओढणी मी वाळत घातली होती आणि तिच्यावर डाग पडला होता. ती काय काय बोलली. मीही बोलले. मी म्हटलं, तू गणितात नापास होशील, तुला बैजिक राशी येत नाही, मला येते. तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती म्हणाली, "तुही मायच आलती त्या दिवशी. आईनं सांगतलं तू शाळेत गेली म्हनून. गेली ना ती उलट्या पावली! कोनाले पायजे तू?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. याडी आली होती. मी शेतात होते, पाच मिनिटांच्या वाटेवर.

काकू स्वयंपाकघरात ठेचा वाटत होत्या. मी दारात उभी राहिले. "माही याडी आलती?"

त्यांचा हात थांबला नाही. "आलती. चहा पाजला तिले."

"मले काहून नाई बोलावलं?"

"काहून बोलावू? ते येईन, रडीन, चालली जाईन. मंग तू आठ दिवस तोंड पाडून बसशीन. मी संभाळू का मंग?" आता त्यांनी वरवंटा बाजूला ठेवला. डोळ्यांत मिरचीचं पाणी होतं की काय कोण जाणे. "मी खाऊ घालतो, मी न्हाऊ घालतो, मी तेल लावतो. अन् तुले तेच पायजे. मी कोन हाव तुही? सांग ना. कोन हाव?"

"काकू," मी म्हटलं.

त्यांनी माझं ताट उचललं आणि फळीवर पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेले, ओटी सोडली आणि धुऱ्यावर ठेवली. देवकाबाई बघत होती. मी म्हटलं, मी पांढरकवड्याला चालले. तिनं कमरेची पिशवी सोडली, तिकिटापुरते पैसे माझ्या हातात कोंबले आणि म्हणाली, "पायवाटेनं जाय. रस्त्यावर तुहा काका भेटन."

गाड्या बदलत मी दुपार कलताना पोचले. याडीचं घर हमरस्त्याच्या कडेला, टायरच्या दुकानामागं. ती भांडी घासत होती. मला बघितल्यावर तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं. तिचा नवरा येतोय का, हे पाहिलं. मग मला पाहिलं. ते आधी रस्त्याकडं पाहणं मी विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही. मग मात्र तिनं मला पोटाशी धरलं, छोरी, छोरी म्हणत केसांतून हात फिरवला, केसांत अडकलेल्या कापसाच्या कवड्या एकेक काढल्या. भाकर आणि वरण वाढलं. मानेवरचे ओरखडे बघून तिथं हळद लावली. मी तिला सगळं सांगितलं: खोली, शाळा, ओटी, आणि तो शब्द. ती ऐकत होती आणि बाहेर मोटारसायकल वाजली की मान वळवत होती.

माझं सांगून झालं तेव्हा ती आमच्या बोलीत जे म्हणाली ते मराठीत असं होईल: "खायला देते ना? मारत नाही ना? मग म्हण तिला आई. म्हटलं म्हणून तुझं काय जातं?"

मी जेवत होते. ताट बाजूला सारलं. ज्या शब्दासाठी मी सारा हंगाम दातओठ खाऊन उभी होते, तो मी हिच्यासाठी राखून ठेवला होता, आणि ही तो हातचं शिळं वाटावं तसा वाटून टाकत होती. मला तेव्हा काकूंपेक्षा तिचा राग आला. आज ती कधीमधी फोन करते, मी बोलते, औषधं पाठवते. राग गेला का असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

तिनं मला बस थांब्यावर आणलं. नवरा यायच्या आत. मी महागावच्या गाडीत बसले असं तिला वाटलं. मी बसले ती यवतमाळच्या गाडीत. बालगृहाच्या फाटकावर जाऊन मी उभी राहिले आणि चौकीदाराला म्हटलं, "मी परत आली."

काही दिवसांनी बालकल्याण समितीपुढं बोलावणं आलं. टेबलापलीकडं तिघं, अलीकडं आम्ही. काकू लग्नातली पैठणी नेसून आल्या होत्या. काका सगळा वेळ टोपीशी चाळा करत होते. काकू रडल्या, आणि ते रडणं खरं होतं, मी अजूनही तसंच सांगेन. "इले मी उपाशी ठेवलं का? विचारा तिले. हात लावला का कधी? माह्या पोटच्या पोरीवानी..."

"पोटची पोरगी शाळेत गेली," मी म्हटलं. "मी पऱ्हाटीत गेली."

टेबलामागच्या बाईंनी मला विचारलं, तुला यांच्याकडं जायचंय का? मी नाही म्हटलं. शाळा पाहिजे, याडी आली तर भेटू दिलं पाहिजे, आणि मी कुणाला काय म्हणायचं ते मी ठरवीन, असंही म्हटलं. पंधरा वर्षांची मुलगी जितक्या उद्धटपणानं म्हणू शकते तितक्या उद्धटपणानं.

बाहेर व्हरांड्यात काकू माझ्याजवळ आल्या. नाक पुसलं. आवाज अगदी साधा होता. "पाहाय बरं, तुले आता कोनीच नाई नेनार."

तसंच झालं. मला नंतर कुणी नेलं नाही. दोन-तीन कुटुंबं बघायला आली, मॅडमनी माझी हकिगत सांगितली आणि त्यांनी दुसऱ्या, लहान, गोड मुली पसंत केल्या. मी बालगृहाच्या लोखंडी पलंगावरून दहावी झाले, बारावी झाले, नर्सिंगला लागले. सणाला सगळ्या मुली कुठं ना कुठं जायच्या, मी आणि स्वयंपाकीण राहायचो. काकूंचा शब्द खरा ठरला हे मी मोकळेपणानं मान्य करते. त्यामुळे माझा शब्द खोटा ठरला असं मात्र मला कधी वाटलं नाही.

तर सिनेमा संपला, दिवे लागले आणि मला मंचावर बोलावलं. मी हे सगळं सांगितलं, इतकं लांबण न लावता, पण सगळं सांगितलं. म्हटलं, की मिठी मारून शेवट होतो तो सिनेमाचा. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात उठते आणि कोणत्या खोलीत उठते ते कुणी दाखवत नाही. टाळ्या विरळ पडल्या. चहाच्या वेळी दिग्दर्शिका जवळ आल्या. त्या शांत होत्या, माझ्यासारख्या तापलेल्या नव्हत्या. "तुमचं दुःख मी समजू शकते. पण या मुलींना काहीतरी आशा दाखवावी लागते ना?"

"त्यांनी तुमच्याकडं मागितली होती का?" मी विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. तिथं एक मुलगी उभी होती. चौदा-एक वर्षांची, दोन वेण्या, पायांत मोठ्या मापाच्या चपला. बालगृहातलीच. नंतर कळलं, तिचं नाव पायल. ती माझ्याकडं असं बघत होती जसं मी एके काळी काकूंकडं बघायचे.

"तुमी सगळं नासवलं," ती म्हणाली.

"काय नासवलं?"

"मी येत्या आठवड्यात जाऊन राह्यली. घाटंजीकडे. एक घर हाय. मले जायचं होतं." ती रडत नव्हती, ती चिडली होती. "मी तं ठरोलं होतं, गेल्या गेल्या आई म्हनीन. त्या सिनेमावानी. आता मले भेव लागून राह्यलं. तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

मी नळ बंद केला. मी सांगितलं ते खरं होतं आणि त्या खऱ्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. ती त्या घरी जाणार होती, मी नाही.

"आई म्हनायचं असन तं म्हन," शेवटी मी म्हटलं. "तो शब्द तुहा हाय. पन शाळा सोडू नको. अन् मी येईन पाहाले."

"कायले? कोन तुमी?"

"कोनी नाई. तरी येईन."

"नका येऊ," ती म्हणाली आणि चपला फटफटवत निघून गेली.

अधीक्षक मॅडमना विचारून, रीतसर परवानगी घेऊन, गेल्या रविवारी मी घाटंजीकडच्या त्या गावात गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. ओट्या बांधलेल्या बाया ओळींत वाकलेल्या, त्यांत मी पोरींचे चेहरे शोधत गेले. पायल त्यांत नव्हती. ती अंगणात खाट टाकून इतिहासाचं पुस्तक वाचत होती. मला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि आत आवाज दिला. आतून एक ठेंगणी बाई आल्या, पिठाचे हात तसेच घेऊन. मोकळ्या वाटल्या, पण पहिल्या भेटीत काकूही मोकळ्या वाटल्या होत्या, म्हणून मी काही ठरवलं नाही. पायल कुठं झोपते ते दाखवा, असं मी सरळ विचारलं. बाईंना ते आवडलं नाही, तोंडावर दिसलं. तरी दाखवलं. खिडकी होती. कापूस दुसऱ्या खोलीत होता.

चहा झाला. मी जायला निघाले तेव्हा पायल पुस्तक बोटात धरून माझ्या मागं मागं आली. मी खरंच जातेय याची खात्री करून घ्यायला आली असावी. फाट्यावर आम्ही उभ्या राहिलो, अंतर ठेवून.

"पुढच्या महिन्यात येते," मी म्हटलं.

"मले काम असते," ती म्हणाली.

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. माझ्या हातात पिशवी होती, मी ती सावरत होते. पायलच पुढं झाली आणि तिनं हात वर करून गाडी थांबवली.